चाळीस हात दोर

आप्पासो पाटील स्वतः चालत ओढ्यावर आले तेव्हाच इसाक सावध झाला. पाटलाला दावं हवं असलं, कासरा हवा असला, तर गडी येतो आणि लांबूनच हाळी देतो. पाटील स्वतः येतात तेव्हा मागणं मोठं असतं, आणि त्याला नाही म्हणणं त्याहून मोठं.

इसाक मांडीभर पाण्यात उभा होता. दहा दिवस कुजत घातलेली घायपाताची पानं तो वर काढून दगडावर टाकत होता आणि त्याची बायको बयाबाई ती मोगरीनं बडवत होती. बडवून, धुऊन, वाळवून त्यांचा पांढरा वाख निघतो, आणि वाखाचा दोर होतो. पण वाख होईपर्यंत त्या पानांचा वास असा असतो की गावातली कुत्रीही ओढ्याच्या त्या अंगाला फिरकत नाहीत. पाटलांनी धोतराचा सोगा नाकाला लावला.

"गुंडा," ते म्हणाले, "तुज्या हरिबाचा हात ग्येला म्हनं."

धावडदऱ्यात इसाकला कुणीच इसाक म्हणत नसे. चाळीस वर्षांपूर्वी लोणंदच्या ख्रिस्ती पाळकांनी नीरेच्या पाण्यात बुडवून त्याला ते नाव दिलं होतं. ऐतवारी चार कोस चालून तो लोणंदच्या मंडळीत प्रार्थनेला जाई, तेवढ्यापुरतं ते कामाला येई. बाकीचे सहा दिवस तो आईबापानं ठेवलेला गुंडाच होता.

"व्हय जी. डावी बाजू समदीच ग्येली," तो म्हणाला. "भाकरी मोडवत न्हाई त्येला."

"मंग यंदाचा दोर?"

इसाकनं हातातलं पान दगडावर टाकलं आणि दुसऱ्यासाठी पाण्यात वाकला.

चैत्रात भैरोबाची जत्रा असते आणि जत्रेत बगाड. लाकडाचा दांडगा गाडा, त्यावर उभा खांब, खांबावर फिरतं आडवं शीड. शिडाच्या टोकाला नवसाचा माणूस बांधायचा, त्याला घराच्या आढ्याहून उंच उचलायचा आणि बैलांच्या जोड्या लावून गाडा देवळापासून वेशीपर्यंत ओढत न्यायचा. त्या माणसाला बांधायचा चाळीस हात दोर इसाकच्या घराण्यानं वळायचा, असा पूर्वापार मान. उपाशी राहून, ओल्या धोतरानं, दर हाताला 'भैरोबाच्या नावानं चांगभलं' म्हणत वळायचा. आजा वळत होता, बाप वळत होता, आणि बावीस वर्षांचा होईतो इसाकही वळत होता. नदीत उतरताना पाळकांनी विचारलं होतं, जुन्यातलं काय टाकून आलास? तेव्हा तो म्हणाला होता, बगाडाचा दोर. तेव्हापासून तो मान चुलतभाऊ हरिबाकडे गेला.

"औंदा लालासाब चढनार हाय शिडाला," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्येच्या आईनं नवस बोलला हुता. पोरगं लढाईतनं जित्तं आलं तर शिडाला चढवीन म्हनून. आलं जित्तं. आता द्येवाचं द्येवाला द्याया नगं?"

बयाबाईची मोगरी थांबली. लालासाहेब पाटलांचा मुलगा, आणि तो ज्या साली पलटणीत गेला त्याच साली इसाकचा शमवेलही गेला होता. चार लेकरांतलं जगलेलं ते एकच. लालासाहेब बंदूकवाल्यांत, शमवेल रस्ते बांधणाऱ्यांत, पण दोघंही इटली नावाच्या मुलखात एकमेकांच्या जवळपास होते. लालासाहेब दिवाळीला परत आला. शमवेलची त्याच्या आदल्या वर्षीच तार आली होती. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगावर त्याची कुदळ पडली.

"मी ख्रिस्ती मानूस, पाटील," इसाक पाण्याकडे बघत म्हणाला. "त्यो दोर वळनार न्हाई म्हून बोललोय."

"चाळीस वरसं झाली त्या बोलन्याला."

"व्हय जी. तेवडंच तर हाय माज्यापाशी."

पाटील रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "इचार कर. दोनी घरचा पावना उपाशी ऱ्हातो, गुंडा," आणि सोगा नाकाला धरून परत गेले.

दुसऱ्या दिवसापासून गाव आखडलं. कुणी शिवी दिली नाही की हात उचलला नाही. फक्त बांधावरचा घायपात कापायला गेलेल्या इसाकला गडी म्हणाला, "हितला न्हाई." पुढच्या बांधावरही तेच. उन्हाळ्याच्या तोंडाला मोटेच्या नाड्यांची मागणी उठते, ती उठलीच नाही. बयाबाई पाण्याला गेली की विहिरीवरच्या बाया नेहमी वरून तिच्या घागरीत पाणी ओतत. आता त्यांचं ओतणं चुकायला लागलं. अर्धं पाणी मातीत जाई, आणि तीच बाई "अगं बया, सांडलं की" म्हणून हळहळे. बयाबाई ओलं लुगडं आणि अर्धी घागर घेऊन घरी येई.

"पाटलिनीचा नवस पावला," एके दुपारी वाख विंचरता विंचरता इसाक म्हणाला. घरात तेवढाच वाख उरला होता, ओढ्यात त्या दिवशी बडवलेला. "तिनं शिडाला चढवीन म्हनलं, तिचं पोरगं आलं. आपून दोन वरसं रोज गुडघं टेकलं. माज्या गुडघ्यास्नी घट्टं पडल्यात, बग. आपलं न्हाई आलं. ह्येचा अर्थ काय लावायचा मानसानं?"

बयाबाई वाखातला कचरा वेचत राहिली. तार आल्यापासून तिनं देवाशी बोलणं टाकलं होतं. नवऱ्याबरोबर ती लोणंदला जाई, पण मागच्या भिंतीला टेकून बसे. प्रभुभोजनाचा पाव घ्यायला सगळी मंडळी उठून मेजाकडे जात, तेव्हा ती जागची हलत नसे.

"मला वाटतंय वळावा," इसाक म्हणाला. "एक डाव."

"नगं."

"तूच म्हंतीस नगं? तू तर त्येच्याशी बोलतबी न्हाईस."

"न्हाई बोलत. माज्या मनात आग हाय," बयाबाई म्हणाली. "पर पोरगं त्येच्यापाशी हाय आपलं. ज्येच्या घरी लेकरू ठेवलंय, त्येच्याशी भांडान काढून चालतंय व्हय? तुमी तकडं ग्येला तर शमूला कुठं भ्येटायचं मी? एकलीच जाऊ?"

चाळीस वर्षं शुभवर्तमान ऐकून जे इसाकला इतकं सरळ मांडता आलं नव्हतं, ते रुसलेल्या बायकोनं मांडलं होतं. त्या दिवशी तरी त्याचं ठरलं, दोर वळायचा नाही.

पण चारच दिवसांनी हरिबाचं बोलावणं आलं. हरिबा खाटेवर आडवा होता, तोंड एका बाजूला ओढलेलं. त्याच्या उशाशी नव्या दोराचं वेटोळं पडलं होतं. पाटलांनी देवाला कौल लावून, बाजारातून दोर आणायची परवानगी काढली होती. हळद लावून, नाव घेऊन तो देवाचा करायचं काम हरिबाकडे पाठवलं होतं.

"हात लाव," हरिबा वाकड्या तोंडानं म्हणाला.

"मी कशापायी लावू?"

"द्येवाचा न्हाई झाला अजून. बाजारचाच हाय. लाव."

इसाक खाली बसला. दोर दिसायला गुबगुबीत, पांढराशुभ्र. त्यानं दोन्ही हातांत धरून उलटा पिळला, पेड उघडे केले आणि अंगठा आत घातला. आतला वाख काळा होता. चिमटीत धरून ओढला तर राख निसटावी तसा तुटून आला. लढाईत ताडपत्र्या बांधायला घाईघाईनं केलेला, कुठल्या तरी गोदामात भिजून सडलेला माल. वरून नवा पेड चढवून कुणी तरी विकला होता.

"ह्यो रेडकाला धरनार न्हाई," इसाक म्हणाला.

"मी बोललो पाटलास्नी. म्हनलं, दोर वंगाळ हाय. पाटील म्हनलं, मंग गुंडाला सांग वळाय." हरिबाच्या ओढलेल्या ओठातून लाळ आली, ती त्यानं उजव्या हातानं पुसली. "नवस तर थांबत न्हाई. आता तू जान आन तुजा द्येव जानं. माजा हात ऱ्हायला न्हाई."

इसाक तिथून उठला तो घरी गेलाच नाही. वार ऐतवार नव्हता, तरी चार कोस चालून भर दुपारी लोणंदला पोचला. रेल्वे फाटकापलीकडे कौलारू प्रार्थनामंदिर, त्याच्या मागच्या दोन खोल्यांत पाळक शरच्चंद्र राहत. नगरकडचे, शिकलेले, इसाकच्या मुलाच्या वयाचे. ते ओसरीवर बाजेचा सुटलेला काथ्या आवळत होते आणि त्यांना ते मुळीच जमत नव्हतं. इसाकनं न बोलता बाज ओढून घेतली आणि आवळता आवळता सगळं सांगितलं.

"दुसरे देव नकोत, या पहिल्या आज्ञेत दोराला सूट नाही, इसाक," पाळक म्हणाले.

"न्हाई जी. पर सव्वीत खून करू नगं म्हनलंय. मला ठावं हाय दोर तुटनार. मी गप बसलो तर त्यो खून कुनाचा?"

"तू सांगितलंस ना त्यांना? तुझ्यावरचं ओझं उतरलं."

"उतरलं म्हंता?"

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "खरं सांगू? मलाही नीट उमगत नाही," ते म्हणाले. "नुसता दोर असता तर मीच तुला वळ म्हणालो असतो. पण तो नुसता दोर नाही, हे तूच बाप्तिस्म्याला सांगितलं होतंस. मंडळीच्या वहीत लिहिलेलं आहे. तू वळलास तर मला मंडळीसमोर तुला विचारावं लागेल, कुणाचं नाव घेऊन वळलास. मी न विचारता राहू शकणार नाही."

इसाकनं काथ्याला शेवटची गाठ मारली. बाज ढोलासारखी ताठ झाली होती. पाळकांनी त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवायला आले.

घरी आला तर दारात लालासाहेब उकिडवा बसलेला. पाटलाचा मुलगा या वस्तीत दारात बसतो, हे पलटणीतून आल्यापासूनचं. आधी गुंडा म्हणायचा, आता तात्या म्हणे. दिवाळीत येऊन त्यानं शमवेलचं नव्या कराराचं पुस्तक आणि पत्र्याचा मग बयाबाईच्या हातात दिला होता. शमूच्या मातीवर लाकडी क्रूस आहे आणि त्यावर नंबर आहे, हेही त्यानंच सांगितलं होतं.

"तात्या, तुमी दोर वळू नगासा," तो म्हणाला. "आमचं आबा कायबी म्हनूंद्यात. मी चढतो त्याच दोरावर."

"सडकाय त्यो."

"आसूंद्या. तिथं काय कमी सडकं हुतं? वाचलोच की." तो हसायला गेला, पण नीट हसू आलं नाही. "शमू मला एकदा म्हनला हुता. आमी पावसात एका फुटक्या घरात बसलो हुतो. म्हनला, माजा बा एक दोर वळत न्हाई, गाव त्येला हसतंय. पर मला इथं भ्या वाटलं की मी त्येची याद करतो. म्हून म्हंतो, तुमी वळू नगा. त्येला बरं वाटायचं न्हाई."

बयाबाई दाराच्या आत उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

इसाक लालासाहेबाकडे बघत राहिला. खांद्याकडे, दंडाकडे, जखमेनं आखूड झालेल्या पायाकडे. पोरगं अंगानं भरलं होतं. शिडाच्या टोकाला असं धूड, खाली गाड्याचा हिसका. त्याचं डोकं आपोआप हिशेब करायला लागलं, किती पेड, पेडाला किती वाख, पीळ किती कडक. घरातला वाख बरोबर पुरला असता.

"वजन किती तुजं?" त्यानं विचारलं.

"तात्या—"

"वजन इचारलं मी."

लालासाहेबानं सांगितलं आणि मान खाली घातली. तो गेल्यावर इसाकनं बयाबाईकडे बघितलं.

"वळा," ती म्हणाली. "पर मोटंचा नाडा म्हून वळा. भाकरी खाऊन वळा. आन नाव आपल्या प्रभूचंच घ्या. दुसरं तोंडात येऊ देऊ नगा."

जत्रेला दोन दिवस होते. सकाळी इसाकनं पोटभर भाकरी खाल्ली, मुद्दाम. कोरडं धोतर नेसला, तेही मुद्दाम. तीन पेड आदल्या दिवशीच तयार होते. वस्तीमागच्या मोकळ्या रानात खुंटाला फिरकी बसवली. बयाबाईनं फिरकीचा दांडा धरला. इसाकनं तिन्ही पेड खाचेच्या लाकडात अडकवले आणि मागं मागं चालायला लागला. दोर वळणाऱ्याला पुढं चालता येत नाही. तो सगळा जन्म मागंच चालतो आणि केलेलं काम तेवढं समोर दिसत राहतं.

"प्रभू येशूच्या नावानं," त्यानं पहिल्या हाताला म्हटलं. दुसऱ्या हाताला म्हटलं. ऊन चढत होतं. पेड एकमेकांवर घट्ट बसत होते, हातातून जाताना किरकिरत होते. चाळीस वर्षांत असा दोर हातून झाला नव्हता. मोटेचा नाडा जाड असतो, पण त्याला एवढा जीव लावावा लागत नाही. अंगठा आपणहून पीळ चाचपत होता. बापानं सात वर्षांच्या इसाकचे हात आपल्या हातांत धरून शिकवलं होतं ते सगळं बोटांत जागं झालं. पाय एका लयीत पडायला लागले, फिरकी एका लयीत कुरकुरायला लागली. रान, ऊन, घाम काहीच उरलं नाही, नुसता दोर पुढं सरकत राहिला.

एकाएकी फिरकी थांबली.

"काय म्हनला?" बयाबाई ओरडली.

"काय म्हनलो?"

"आता काय म्हनला तुमी?"

इसाक तोंड उघडं टाकून उभा राहिला. शेवटचा शब्द अजून ओठावर ओला होता. चांगभलं.

"कवापसनं?" त्यानं विचारलं.

बयाबाईनं दांडा दोन्ही हातांनी धरला. "मला बी ठावं न्हाई," ती म्हणाली. "फिरकीत ध्यान व्हतं माजं. मला बी लागली वाटतं तंद्री."

इसाकनं हात मोजले. एकवीस झाले होते. पहिले पाच-सहा नक्की प्रभूचे. एकविसावा नक्की त्याचा नव्हता. मधले कुणाचे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. दोर तर सगळा सारखाच दिसत होता, एकसारखा घट्ट आणि पांढरा. तो उकिडवा बसला आणि दोर डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला, जणू त्यावर कुठं तरी खूण सापडणार होती.

"उकला," बयाबाई म्हणाली.

"उकलून पुन्यांदा वळला तर वाखाचा जीव जातोय. निम्मी ताकद ऱ्हात न्हाई." त्यानं कपाळाचा घाम पुसला. "आन दुसरा वाख न्हाई."

शेवटी इसाक उठला. दातात धोतराचा सोगा घट्ट धरला आणि राहिलेले एकोणीस हात तोंड बंद ठेवून वळले. संध्याकाळी दोर हरिबाच्या घरी पोचता केला.

जत्रेच्या दिवशी तो वेशीबाहेर बाभळीखाली उभा राहिला. जायचं नाही असं ठरवलं होतं, पण आपला दोर कसा धरतो ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. ढोल जवळ आले. गुलालाच्या धुरळ्यात आधी शीड दिसलं, मग टोकाला लोंबणारा लालासाहेब. पांढरा सदरा, फेटा, हात जोडलेले. बैलांच्या सहा जोड्या फेस गाळत गाडा ओढत होत्या.

ओढ्याच्या उतारावर उजवं चाक दगडावर चढलं. गाडा कलला. शिडाचं टोक खाली आलं आणि फटकन वर गेलं. लालासाहेब हवेत उडाला आणि पूर्ण वजनानिशी दोरावर आदळला. मनुबाई, त्याची आई, रस्त्यात मटकन खाली बसली.

"देवा!" इसाक ओरडला.

दोर करकरला आणि धरून राहिला. चाक दगडावरून उतरलं, शीड सरळ झालं आणि गाव गर्जलं, चांगभलं! इसाकनं बाभळीला पाठ टेकली. आपण हाक मारली ती कुणाला, हे त्याला तेव्हा आठवलं नाही आणि पुढं कधी ठरवताही आलं नाही.

दिवस मावळायच्या आत मनुबाई त्याच्या दारात आली. सूप पुढं केलं. त्यात बोकडाची मुंडी होती, दोर वळणाऱ्याचा मान, आणि बाजूला गुलालाची पुडी. पाटलीण स्वतः मान घेऊन या वस्तीत आली, असं आजवर झालं नव्हतं.

"न्हाई, आक्कासाब," इसाक दोन पावलं मागं सरला. "मी मोटंचा नाडा वळला. मला ह्यो मान पोचत न्हाई."

"पोरगं खाली उतरलं माजं," मनुबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. रडता रडताच ती बयाबाईकडे वळली. "मी तवा नवस बोलले ना, बया, माज्या मनात आलं हुतं. तुज्या शमूचं बी नाव घ्यावं. एकाच मुलखाला ग्येलीत पोरं. पर म्हनलं, तुमी ख्रिस्ती, तुमाला चालायचं न्हाई. म्हून न्हाई घ्येतलं."

बयाबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. काही वेळ असं वाटलं, ती आता त्या सुपाला लाथ मारील नाहीतर ते छातीशी धरील. मग ती म्हणाली, "मुंडी हरिबाच्या घरी द्या, आक्कासाब. मान त्येंचा हाय."

ऐतवारी दोघं लोणंदला गेली. प्रभुभोजनाचा ऐतवार होता. पाळकांनी मेजावर पांढरं कापड पसरलं, पाव आणि प्याला ठेवला. दोराची बातमी लोणंदला पोचली होतीच, मग सांगितल्याप्रमाणे विचारलं. त्यांचा आवाज कोरडा झाला होता.

"इसाक, कुणाचं नाव घेऊन दोर वळलास?"

पन्नास-साठ माणसं होती. सगळ्यांच्या माना वळल्या. प्रभूचं, एवढं एकच म्हणायचं होतं. निम्मं तरी खरं होतं ते. पाळकांच्या डोळ्यांत दिसत होतं, तेवढं म्हण आणि ये. इसाकनं पागोटं काढून हातात घेतलं.

"पयलं प्रभूचं घ्येतलं," तो म्हणाला. "पुडं तोंडातनं दुसरं ग्येलं. कवा ग्येलं, किती ग्येलं, मला ठावं न्हाई. कळल्यावर उकलला न्हाई. पोरगं पडलं आसतं."

पाळकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ हातातच धरला. सहा महिने इसाकनं मेजापाशी येऊ नये, असं त्यांनी सांगितलं. खाली बघून, हळू आवाजात सांगितलं. बाहेर जा असं कुणी म्हटलं नव्हतं. इसाक आपणच उठला आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसला. लहानपणी देवळाच्या पायरीबाहेर बसायची सवय होती, ती इथंही उपयोगी पडली.

आत गाणं सुरू झालं. मंडळी मेजाकडे जायला उठली. आणि पायरीवरून इसाकला दिसलं, मागच्या भिंतीपासची बयाबाईही उठली होती. दीड वर्षानं ती रांगेत उभी राहिली. पाळकांनी तिच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला. तिनं मूठ मिटली आणि पदराखाली घेतली.

गावाकडे निघाल्यावर पहिला मैलाचा दगड मागं पडला तेव्हा तिनं मूठ त्याच्यापुढं उघडली.

"धरा."

"हे काय केलंस तू?" इसाक जागच्या जागी थांबला. "त्यांनी न्हाई म्हनलंय मला."

"पाळकांनी म्हनलंय."

"पाळकच म्हननार की. प्रभू काय सोता येऊन सांगतोय?"

"म्हून तर म्हंते, धरा."

त्यानं तुकडा घेतला, पण तोंडात घालवेना. खावा तर मंडळीचा शब्द मोडतो, टाकावा तर प्रभूचा पाव मातीत जातो. तसाच मुठीत धरून तो चालत राहिला. दुसरा दगड गेला, तिसरा गेला. ऊन मी म्हणत होतं. सकाळपासून दोघांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"शमू आसता तर काय म्हनला आसता गं?" शेवटी त्यानं विचारलं.

"काय म्हननार? सकाळधरनं उपाशी हायसा बाबा, खावा, म्हनला आसता."

इसाकनं मूठ उघडली. तुकडा घामानं ओलसर झाला होता, त्याला वाखाचा एक केस चिकटला होता. तो त्यानं नखानं काढला. तुकड्याचे दोन भाग केले आणि एक तिच्यापुढं धरला. तिनं घेतला.

"नाव घ्या की," ती म्हणाली.

इसाकनं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला आपल्या तोंडाची भीती वाटत होती. "तू घे," तो म्हणाला.

बयाबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. दीड वर्ष न वापरलेला आवाज तिनं खाकरून मोकळा केला.

"प्रभू," ती म्हणाली, "आमचं पोरगं तुज्यापाशी हाय. त्येला सांग, बाबा बी येत्यात. वाईच येळ लागंल, पर येत्यात."

मग दोघांनी पाव खाल्ला आणि चालायला लागली. धावडदरं अजून अडीच कोस लांब होतं.